अकरा रोडगे

"यंदा रोडगे नाईत," अकोल्याहून सासूबाई फोनवर म्हणाल्या, आणि गॅसवरचं दूध उतू गेलं. मी तिथंच उभी होते, दुधाकडेच बघत होते, तरी गेलं. साय वर आली, फुगली, कडेवरून सांडली, बर्नर विझला. सगळं मी नीट पाहिलं, हात मात्र हलला नाही. "ऐकू येऊन राहिलं का रागिणी? कमिटीचं ठरलं. केटरर सांगितला हाय. पुरी-भाजी, जिरा राईस, गुलाबजाम. चर्चच्या आवारात नवीन ब्लॉक बसवले नं, त्याच्यावर आर लावली तं काळे पडतीन." मी म्हटलं, "बरं झालं आई, तुम्हाला तेवढाच आराम." माझा आवाज अगदी सरळ निघाला. तो नेहमी नको त्या वेळी सरळ निघतो. "हो," त्या म्हणाल्या, "पोरीचं स्वेटर घेजा. इकडे लय गारठा हाय." फोन ठेवून मी गॅस बंद केला, खिडकी उघडली, ओटा पुसला, पुन्हा पुसला. आतल्या खोलीत आचल ठोकळे रचत बसली होती. मी दारात उभी राहून तिच्या फ्रॉकची पाठ वर-खाली होताना मोजू लागले. मोबाइलवर एक मिनिट लावून. सव्वीस. तीन वर्षांच्या मुलीला सव्वीस चालतात. चाळीसच्या वर गेले की निघायचं, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं, आणि ऑक्टोबरपासून मी रोज सात-आठदा मोजते. शेखरला वाटतं मी मोबाइल बघते.

रोडगे करायचे नाहीत म्हणजे काय, हे ज्याला कळायचं त्याला सांगावं लागत नाही, पण मला स्वतःलाच ते लग्नानंतर शिकावं लागलं. शेखरचे पणजोबा डोमाजी हे त्यांच्या घरातले पहिले ख्रिस्ती. अकोल्याच्या मंडळीचं पहिलं संमेलन आंब्याखाली भरलं तेव्हा किती माणसं येतील याचा कोणालाच अंदाज नव्हता, म्हणून डोमाजींनी घरातली सगळी कणीक परातीत ओतली, गोवऱ्या पेटवून निखाऱ्यांची आर केली आणि परात रिकामी होईस्तोवर रोडगे भाजले. तेव्हापासून दर जानेवारीत संमेलनाच्या शनिवारी या घरच्या बायका चर्चच्या आवारात रोडगे करतात. त्याचा एकच नियम, मोजायचे नाहीत. शेखरनं सहा-सात वर्षांचा असताना हौसेनं मोजले होते, त्रेसष्टपर्यंत आला होता म्हणे, तर आईनं पिठाच्या हातानं पाठीत असा धपाटा घातला की शर्टावर पाच बोटं उमटली. "का पण?" मी पहिल्या वर्षी विचारलं होतं. सासूबाई गोळ्यात गोळा भरत म्हणाल्या, "मोजले तं मंग ते आपल्यातले नाई राहत." एवढंच. जाडसर कणकेची लहान पारी, तिला तेलाचा हात, तिच्यावर दुसरी, तिच्यावर तिसरी, आणि शेवटी सगळं मुठीत मिटून घ्यायचं. बाहेरून साधा गोळा दिसतो. आरेतून काढून फोडला की पापुद्र्यामागून पापुद्रा सुटत जातो आणि मधोमध वाफ असते. त्या वर्षी त्यांचे हात बघताना मला वाटलं होतं की ही बाई पण अशीच आहे, आणि मी मधपर्यंत कधी पोचणार नाही.

ऑक्टोबरातली ती दुपार. साडेतीन वाजले होते. मला घड्याळ आठवतं, कारण त्याचा सेकंदकाटा दर वेळी आठवर अडकून मग पुढं जात होता. आचलला दोन दिवस सर्दी होती, आणि त्या दुपारी ती खेळता खेळता खाली बसली आणि तिच्या बरगड्यांखाली खळगे पडू लागले. श्वास घेतला की पोट आत ओढलं जाई, गळ्याच्या खाली वाटीएवढा खड्डा. शेखर नांदगाव पेठला, मिलमध्ये, फोन लॉकरमध्ये. मी सासूबाईंना लावला, त्या बत्तीस वर्षं नर्स होत्या. त्या घाबरल्या नाहीत, रडल्या नाहीत, प्रभूचं नावसुद्धा घेतलं नाही. "मिनिटाले किती? मोज." मी मोजले. अठ्ठावन्न. "रिक्षा कर," त्या म्हणाल्या आणि फोन बंद. दवाखान्यात तिच्या तोंडाला मास्क लावला, मास्कमधून धूर निघाल्यासारखी वाफ निघत होती, आणि आचल माझ्याकडे नुसती बघत होती. रडायला लागतो तेवढाही श्वास तिच्याकडे नव्हता. मी तिचा पाय धरून उभी होते. एम.एस्सी. केमिस्ट्री. त्या वाफेत कोणतं औषध आहे, ते श्वासनळ्यांवर काय काम करतं, मला कळत होतं. आणि त्याच वेळी माझ्या तोंडून बारीक आवाजात निघालं, अकरा रोडगे करीन. हिला सोडा, अकरा रोडगे करीन.

कोणाला म्हटलं? हाच प्रश्न आहे. तीन महिने भांडी घासताना, आचलचे केस विंचरताना, शेखर बाजूला झोपलेला असताना मी त्या वाक्याच्या आधी कोणाचं नाव होतं का ते शोधते आहे. नव्हतं. फोन लावावा, कोणीतरी उचलावा, पलीकडून शब्द येऊ नये पण कोणी ऐकतंय एवढं मात्र कळावं, तसं. सहा वाजता खळगे भरून आले. आचल म्हणाली, "मम्मी, बिस्कीट." मी अकोल्याला कळवलं, भातकुलीला मम्मीला कळवलं, आणि ते वाक्य कोणालाच कळवलं नाही. मम्मीला सांगणं तर शक्यच नव्हतं. माझ्या आजोबांनी छप्पनला दीक्षा घेतली, तेव्हापासून आमच्या घरात नवस हा शब्द शिवीसारखा. भातकुलीला आमच्या शेजारी जमुनाकाकूंचं घर होतं, काळ्या रानाची, बैलजोडीची माणसं. त्यांचा थोरला टायफॉइडमधून उठला तेव्हा त्यांनी मारुतीला अकरा रोडगे केले. एकेक बोट लावून मोजले, केळीच्या पानावर ओळीनं मांडले. मी ती ओळ कुंपणातून बघत होते. काकूंनी प्रसादाचा अर्धा रोडगा हातावर ठेवला, मी खाल्ला, घरी आले, तर मम्मीनं तोंडाचा वास घेतल्यासारखं माझ्याकडे बघितलं. "आपण कोणाजवळ मागत नाई बेटा. आपण करतो." तिनं मारलं असतं तर मी विसरले असते. मग शेखरशी लग्न झालं, दोन्ही घरांनी सहा महिने तोंडं फिरवली, मग हळूहळू वळवली. आणि चर्चमध्ये पाळकसाहेब सांगतात की देवाशी सौदा करायचा नाही, नुसती विनंती करायची. म्हणजे दोन्ही घरांत जे चालत नाही तेवढंच नेमकं मी केलं, आणि तेही तिसऱ्याच घराच्या कुंपणातून उचललेलं. तेव्हा मनाशी ठरवलं होतं, संमेलनात तर रोडगे होतातच. त्यातले माझ्या हातचे अकरा मी मनातल्या मनात बाजूला काढीन, कोणाला कळणार नाही. दीडशे रोडग्यांत अकरा सहज लपतात. आता दीडशे नव्हते.

शुक्रवारी दुपारी आम्ही अमरावतीहून गाडीनं निघालो. बडनेरा मागं पडलं, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना बाभळींना कापसाचे पुंजके लटकलेले, ट्रकमधून सांडलेले. मी काच वर केली, ते तंतू आचलच्या नाकात जातील म्हणून. मूर्तिजापूरच्या अलीकडे एका झोपडीपुढं गोवऱ्यांचा उडवा दिसला आणि माझ्या तोंडून "थांब" निघालं. शेखरनं करकचून ब्रेक लावला. "काय झालं? आचल?" "नाही. गोवऱ्या घ्यायच्यात." त्यानं मागं वळून आचलकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "काहून?" "आईंना लागतात," मी म्हटलं. "बंबाला." आईंकडे बंब नाही, गीझर आहे, तो शेखरनंच बसवून दिलाय, पण तो हसायलाच लागला. "लोकं सासरी पेढे घेऊन जातात बाप्पा, हे आमची बायको पाहा. डिक्कीत शेण." म्हातारीनं पोत्यात भरून दिल्या, "होळीले लय येळ हाय पोरी," म्हणाली, आणि आचलच्या गालाला हात लावायला गेली. मी आचलला पटकन दुसऱ्या कडेवर घेतलं. मग सगळा रस्ता मला त्या म्हातारीचा हवेत राहिलेला हात दिसत राहिला. आणि डिक्कीतून वास यायला लागला तसं दुसरंच ध्यानात आलं. डॉक्टरांच्या कागदावर तिसऱ्या ओळीत लिहिलंय, धुरापासून दूर ठेवा. उदबत्तीसुद्धा नको. मी तीन महिने घरात उदबत्ती लावलेली नाही, मोहरीची फोडणी दिली तरी आचलला बाल्कनीत नेते, आणि आता पोतंभर धूर गाडीत घालून तिच्यासोबत घेऊन चालले होते. परत फिरून टाकून द्याव्यात? पण मग बोललेलं राहिलं. राहिलं तर काय होईल? काही होत नाही, मला माहीत आहे काही होत नाही. मोबाइल लावला आणि मोजले. अठ्ठावीस. काल सव्वीस होते.

सासूबाईंचं घर चर्चच्या मागच्या भिंतीला लागून, दोन खोल्या आणि परसदार, परसात नळ आणि जामाचं झाड. शुक्रवारची संध्याकाळची सभा झाली. मंडपात खुर्च्यांवर पांढरी कापडं, कोपऱ्यात केटररच्या शेगड्या, नवे लाल ब्लॉक इतके स्वच्छ की लोक त्यांच्यावरून चपला जपून टाकत होते. भगवंतराव कमिटीचे सचिव, भेटल्या भेटल्या सासूबाईंना म्हणाले, "शकुन सिस्टर, तुमच्या रोडग्यांबिगर संमेलन म्हंजे बिनमिठाचं हो. पण आता तुम्हीच म्हटलं, तं..." तेवढ्यात सासूबाईंनी त्यांना खुर्च्या कमी पडतात म्हणून दुसरीकडे पिटाळलं. मी ऐकलं, पण डोक्यात पोतं होतं, ते वाक्य आत शिरलं नाही. मी सासूबाईंकडे बघत होते. त्यांच्या चेहऱ्यावर काहीच नव्हतं. पस्तीस-चाळीस वर्षं जे हात या शनिवारी पिठात असायचे ते गुपचूप मांडीवर ठेवून त्या गाणी म्हणत होत्या, आणि मला त्यांचा राग आला. लढल्या नाहीत म्हणून. लोकांच्या ब्लॉकसाठी इतकं सहज सोडून दिलं म्हणून.

शनिवारी अकराच्या सभेला मी म्हटलं, डोकं दुखतंय. शेखर आचलला संडे स्कूलच्या मुलांत घेऊन गेला; ती खोली आवाराच्या पार दुसऱ्या टोकाला, वारा तिकडून इकडे येत होता, हे मी सकाळीच ओला हात हवेत धरून पाहिलं होतं. परसात गोवऱ्या रचल्या, पेटवल्या. धूर उठला, पिवळा, जाड, आणि माझ्या डोळ्यांत गेला आणि मला बरं वाटलं. मला गेला, तिला नाही. परातीत कणीक, मीठ, ओवा, तेल. भिंतीपलीकडून स्पीकरवर बाहेरगावचे पाळक बोलत होते. "आपण प्रार्थना करतो का प्रभूसमोर अटी ठेवतो? हे दे, मग मी ते करीन. बापाजवळ लेकरू असं बोलते का?" मंडपात लोक हसले असावेत. मी पहिला गोळा मिटला. लेकरू बोलत नाही असं, पाळकसाहेब, मान्य आहे, पण मी तेव्हा लेकरू नव्हते, मी आई होते, आणि आईला बाप नसतो; ती त्या क्षणी जगातली सगळ्यांत मोठी असते आणि तिच्या हातात काही नसतं. दुसरा. तिसरा. मला कोणाजवळ मागायचं नव्हतं, मम्मी, तू म्हणतेस तेच, मला करायचं होतं, पण मास्क नर्सनं धरला होता, औषध डॉक्टरनं भरलं होतं, मला करायला काय उरलं होतं? पाय धरणं. पाय धरून किती धरणार? म्हणून मी रोडगे म्हटलं असेल. हाताला काहीतरी काम हवं म्हणून. सातवा. आठवा. धूर हळूहळू निवला, ज्वाळा बसल्या, लाल आर झाली. मी अकरा गोळे परातीच्या कडेला ओळीनं मांडले, बोट लावून मोजले आणि एकेक करून आरेत सोडले, वर राख ओढली. परातीत अजून बरीच कणीक शिल्लक होती. माझा अंदाज नेहमी चुकतो.

"डोकं दुखून राहिलं म्हणे?"

सासूबाई परसाच्या दारात उभ्या होत्या, बायबल काखेत, चष्मा कपाळावर. मी उठून उभी राहिले. त्यांनी आर पाहिली, मूर्तिजापूरचं पोतं पाहिलं, चिमटा घेतला आणि राख बाजूला सारली. एक, दोन, त्यांचा चिमटा ओळीवरून फिरत गेला, आणि शेवटच्यावर थांबला.

"अकरा."

"हो."

"कोणाले बोलली होती?"

खोटं सुचेना. "माहीत नाही," मी म्हटलं. "खरंच माहीत नाही आई. दवाखान्यात तोंडातून निघून गेलं. नाव नव्हतं घेतलं कोणाचं."

त्यांनी बायबल नळावरच्या कट्ट्यावर ठेवलं, पदर खोचला, पाटावर बसल्या. रोडगे एकेक करून उलटवले. मी वाट बघत होते, पाळकांना सांगतील, शेखरला सांगतील, शेवटी नातसुनेपर्यंत सांगत राहतील की अमरावतीची आणली आणि घरात नवस आला. "मोजून करते ते बोललेले असते," त्या आरेकडेच बघत म्हणाल्या. "आमचे आजेसासरे डोमाजी, त्यायच्या मायनं लय बोललेले फेडले होते. याच्यासाठी पाच, त्याच्यासाठी अकरा. मोजून मोजून बाई वाकली म्हणे. एक फिटला का दुसरा. म्हणून त्या माणसानं सांगतलं का आपण करू, पण मोजू नाई. मोजलं का मनात राहते, अजून कोणाचं राहिलं, अजून किती राहिलं." मग मान वर करून, "तू रोज मोजून राहिली नं तिचे श्वास?"

मी मान हलवली.

"मीच सांगतलं होतं मोज म्हणून. त्या दिवसापुरतं सांगतलं होतं वं. थांब म्हणाचं राहून गेलं."

मी भलतंच बोलले. "तुम्ही तरी का ऐकलं कमिटीचं? ब्लॉक काळे पडले असते तर घासले असते आपण."

"कमिटीचं?" त्या हसल्या. असं हसणं मी त्यांचं पहिल्यांदाच पाहिलं, खालचा दात नाही हे तेव्हा दिसलं. "कमिटीले काय पडलं हाय? भगवंता तं रडकुंडीले आला होता, म्हणे सिस्टर असं करू नका. मीच बंद करायले लावले. शंभर गोवऱ्यांचा धूर होते तिथं. पोरगी कुठं ठेवली असती तू, खिशात? तुले सांगतलं असतं तं तू म्हणली असती, नाई आई, माझ्यामुळं नका सोडू. म्हणून ब्लॉक सांगतले." त्यांनी पोत्याला पायानं ढकललं. "आन् तू पाहा. मी तिच्यासाठी विझवली, तं तू तिच्यासाठीच पेटवली. दोघी शहाण्या."

मला रडू आलं नाही. यायला हवं होतं असं वाटलं, पण नुसती घाई होती, कुठं तरी पोचायला उशीर होतोय अशी. त्यांनी परात ओढली, उरलेल्या कणकेचा लचका तोडला, पारीसुद्धा नीट केली नाही, तेल फासलं, एकात एक दाबलं आणि आरेत टाकला. बारावा. "आई!" माझ्या तोंडून निघालं. "काय आई? आर लावलीच हाय तं कणीक वाया काहून घालवाची?" आणि तेरावा. मला त्यांचा हात धरावासा वाटला. अकरा होते, फिटले होते, दहा मिनिटांपूर्वी फिटले होते, आता हे काय झालं? आता ते फिटलं की मोडलं? आणि मोडलं तर ज्यानं ऐकलं होतं तो, ती, जे कोणी होतं ते? त्या टाकतच होत्या, वेडेवाकडे, लहान-मोठे, आणि मी नाइलाजानं मोजतच होते, चौदा, पंधरा, मग दोन एकदम पडले, एकाखाली एक सरकला, आणि माझं चुकलं.

तेवढ्यात शेखर दारात. कडेवर आचल. "संडे स्कूल सुटलं, हिला तुझ्याकडेच यायचं होतं... अरे! बंबाच्या गोवऱ्या का?" आचल खोकली.

एकदा. आम्ही दोघी जागच्या जागी थिजलो, सासूबाईंचा चिमटा हवेत, माझे हात पिठात. स्पीकरवर समाप्तीचं गाणं सुरू झालं होतं. धूर नव्हता, आता नव्हता, नुसती आर होती, तरी मी आरेकडे बघितलं, झाडाच्या पानांकडे बघितलं वारा कुठं जातो ते, आणि दुसऱ्या खोकल्याची वाट पाहिली. तो आला नाही. "वाऱ्याकडच्या बाजूनं ये, पायरीवर बसव तिले," सासूबाई म्हणाल्या, अगदी फोनवरच्या आवाजात. मग एक रोडगा काढून फडक्यात धरला, राख झटकली, मुठीनं फोडला, तुपात बुचकळला. अकरातला होता का नंतरचा, मला सांगता आलं नसतं. "जा, दे तिले. फुंकून."

मी पायरीवर आचलच्या मागं बसले. स्वेटरमधून तिच्या पाठीला हात लावला, बरगड्या जाणवल्या, उष्ण, हलणाऱ्या. एक. दोन. तीन. ती पापुद्रा सुटा करून चाखत होती, बोटं तुपानं चमकत होती. मंडपातून बायकांचे आवाज येत होते, कोणीतरी वासावरून ओळखलं होतं, "शकुन सिस्टरकडे रोडगे लागले वं!" आणि चपलांचे आवाज भिंतीकडे येऊ लागले. आठ. नऊ. किती जणी असतील? पुरतील का? दहा. अकरा. "मम्मी," आचल तोंड भरलेलं असतानाच वळली, "अजून." मी म्हटलं, "आधी हे संपव," आणि तिच्या पाठीवर पुन्हा हात ठेवायला गेले, तर सासूबाईंनी त्या हातात गरम तुकडा ठेवला होता.